मावशींच्या कनवटीतले पैसे कुठे गेले?

रविवारी सकाळची कामं उरकली की आठवडाभर बाजूला काढून ठेवलेलं वाचायचं, असं गेली दोन-तीन वर्षं चाललंय माझं. विषय एकच धरलाय, तंत्रज्ञान आणि आपलं रोजचं जगणं. बरंचसं नुसतं नजरेखालून जातं, पण एखाद्या आठवड्यात एखादी गोष्ट अशी डोक्यात बसते की सोमवार-मंगळवार तेच चालू राहतं. या वेळी ती गोष्ट म्हणजे क्यूआर कोड. आपण दिवसातून चार वेळा ज्याच्यासमोर मोबाईल धरतो तो काळा-पांढरा चौकोन.

तो पैशासाठी बनलाच नव्हता हे मला माहीतच नव्हतं. १९९४ साली जपानमधे, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला डेन्सो वेव्ह कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी तो तयार केला. साध्या बारकोडमधे फार थोडी माहिती मावायची, त्यामुळे कारखान्यातल्या कामगारांना एकाच खोक्यावरचे अनेक बारकोड एकामागोमाग स्कॅन करत बसावं लागायचं, ते वैतागले होते. हारांना कल्पना सुचली ती 'गो' नावाच्या खेळाच्या पटावरून, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा असतो तो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मशीनला कोड कुठे आहे आणि कसा धरलाय ते सांगतात, म्हणून आपण मोबाईल तिरका धरला तरी चालतं. कोडचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी सोय पण करता येते. आणि कंपनीने पेटंट घेतलं पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून तो जगभर गेला. हे वाचून मला खरंच भरून आलं, कारण कामगारांचा त्रास कमी व्हावा म्हणून केलेली गोष्ट आज आपल्या भाजीबाजारात आहे.

मग बुधवारी गंगेवर गेले. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि बुधवारी घाटावर बाजार भरतो. मी ज्या मावशींकडून बरीच वर्षं पालेभाजी घेते त्यांच्या पाटीला तो कोड सुतळीने बांधलेला असतो. वर प्लास्टिक, आत पाणी गेलेलं, एक कोपरा पार उडालाय. तरी पैसे जातात. वाचलेलं डोक्यात ताजं होतं म्हणून मी तो नीट निरखून बघत होते आणि पहिल्यांदाच स्कॅन केल्यावर आलेलं नाव वाचलं. पुरुषाचं नाव. इतकी वर्षं मी आकडा टाकून मोकळी होत होते, नावाकडे लक्षच नव्हतं.

म्हटलं मावशी, हे कोणाचं नाव येतंय?

"पोराचं. मोबाईल त्याच्याकडंच असतो ना ताई."

मग पैसे आले हे तुम्हाला कसं कळतं? तर म्हणाल्या, तुम्ही दाखवता ना मोबाईल, हिरवी खूण आली की झालं. आणि संध्याकाळी? संध्याकाळी पोरगा सांगतो किती आले ते. उद्याच्या मालाला लागतील तेवढे मागून घ्यायचे.

मागून घ्यायचे. या शब्दापाशी मी अडकले ते अजून तिथेच आहे.

पहाटे मार्केटला जाऊन जुड्या आणणार त्या, उन्हात बसणार त्या, कोथिंबिरीवर पाणी मारणार त्या आणि संध्याकाळी स्वतःच्या गल्ल्यातले पैसे मागणार. पूर्वी त्यांच्या कनवटीला एक कापडी पिशवी असायची, मला चांगली आठवते, सुट्टे काढून देताना त्या ती दोन बोटांनी अशी उघडायच्या की आत किती आहेत ते कोणाला दिसू नये. त्यात आजच्या कमाईबरोबर त्यांची भिशी होती, नातीला घ्यायच्या बांगड्या होत्या, घरात न सांगता बहिणीला द्यायचे शंभर रुपये होते. ती पिशवी आता जवळजवळ रिकामी असते कारण माझ्यासारखी गिऱ्हाइकं वीस रुपयांची मेथी पण स्कॅन करून घेतात.

माझी आई तांदळाच्या डब्यात पैसे ठेवायची. वडिलांना ते माहीत नव्हतं असं नाही, पण ते कधी त्या डब्याला हात लावत नसत. माझ्या बारावीच्या क्लासची फी त्या डब्यातून भरलीये, हे मी आज इथे पहिल्यांदा लिहितेय. बाईच्या हातात, कोणाला हिशोब न देता खर्च करता येईल असा जो थोडा पैसा असतो ना, त्याच्यावर किती घरं तरली असतील. रोख रकमेत ही एक सोय होती, ज्याच्या हातात ती त्याची.

कोणी म्हणेल की तुम्ही यूपीआयच्या विरोधात आहात का. अजिबात नाही. २०१६ साली ते आलं तेव्हापासून सुट्ट्यांची भांडणं संपली, खोट्या नोटेची भीती गेली, रात्री बाजारातून घरी जाताना पैसे लुटले जायची धास्ती कमी झाली. २०२५ च्या ऑगस्टमधे एका महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, ते काही उगाच नाही. मी स्वतः पाकीट घेऊन बाहेर पडत नाही. पण त्या एवढ्या व्यवहारांत पैसे देणाऱ्याची सोय किती आणि घेणाऱ्याची किती, आणि पैसे ज्याच्या नावावर जातात तो कमावणाराच आहे का, हे कोणी मोजल्याचं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही, आणि मी बरंच वाचते.

पोरगा वाईट आहे असंही नाही हं. चांगला आहे, मावशींच्या गुडघ्याचं औषध तोच आणतो. प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा नाहीचे. उद्या त्याचं लग्न होईल, त्याच्या गाडीचा हप्ता त्याच खात्यातून कापला जाईल आणि मावशींचे मेथीचे पैसे कुठले आणि त्याचे कुठले हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचतेय. फेरीवाल्यांसाठी २०२० मधे स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, वेळेवर फेडलं की पुढचं मोठं, डिजिटल व्यवहार केले तर वर कॅशबॅक. म्हणजे खात्यावरची उलाढाल हाच आता धंद्याचा पुरावा होत चाललाय. आणि मावशींचा वीस-पंचवीस वर्षांचा धंदा कागदावर कुठे आहे? पोराच्या नावावर.

इथे मला म्हसवडची आठवण येते. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात, दुष्काळी भाग, तिथे चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन १९९७ मधे माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण अर्ज करणाऱ्यांत निरक्षर बायका होत्या. त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटरवर करू देत, बघू. परवाना मिळाला. आणि पुढे डिजिटल बँकिंग आलं तेव्हा त्याच बायकांनी सांगितलं की आम्हाला पिन नंबर नको, पिन कोणीही चोरू शकतं, अंगठा चोरता येत नाही. चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांना जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं, कारण घरात पैसा कोणकोणत्या वाटांनी हातातून जातो ते त्यांना माहीत होतं. तंत्रज्ञान तेच, पण आधी बाईला विचारलं, एवढाच फरक. आणि तो केवढा मोठा आहे.

मावशींचं जनधनचं खातं आहे, मी विचारलं. पासबुक पण आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. पण त्याला जोडलेला मोबाईल नंबर जुना, बंद पडलेला, आणि तो बदलायला त्या एकदा गेल्या होत्या तर त्यांना आज सर्व्हर नाही, उद्या या, आधार आणा, झेरॉक्स आणा करत तीन खेपा घालायला लावल्या. तीन खेपा म्हणजे तीन दिवसांचा धंदा बुडाला. चौथ्यांदा त्या गेल्या नाहीत आणि पोराने स्वतःचा कोड आणून पाटीला बांधला. असं झालंय ते. कोणी ठरवून केलेलं नाही, पण झालंय.

साध्या बटणाच्या फोनवर चालणारं यूपीआय २०२२ पासून आहे, बायकांना ते कोणी सांगितलेलं नसतं. आणि पैसे आले की बोलून सांगणारा तो छोटा स्पीकर त्यांच्या स्वतःच्या खात्याला जोडला तर मोबाईल पोराकडे असला तरी किती आले ते त्यांच्या कानावर पडेल, माझ्या मोबाईलवरच्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायची वेळ येणार नाही.

तुम्ही पण पुढच्या वेळी स्कॅन केलंत की नाव वाचा. समोर बसलेल्या बाईचं आहे का बघा. नसेल तर निदान तिच्याकडून घेताना रोख द्या, मी या बुधवारपासून सुरू केलंय, एटीएममधून काढून दहा-वीसच्या नोटा करून ठेवल्यात.

नवीन सिम मावशींनी त्यांच्या नावावर घेतलंय, आधार आणि दोन झेरॉक्स माझ्या पर्समधे आहेत. मंगळवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकलीये. अकराच्या आत नको म्हणाल्या, सकाळचं गिऱ्हाईक जातं.