इन्स्टॉलेशन फ्री, फास्टनर वेगळे

गीझर लावायला आलेल्या मुलाने पिशवीतून ड्रिल काढायच्या आधीच सांगून टाकलं, ‘साहेब, इन्स्टॉलेशन फ्री आहे, फास्टनरचे पैसे वेगळे.’ मी घासाघीस केली नाही. २५ लिटर पाणी म्हणजे २५ किलो, वर टाकीचं स्वतःचं वजन आणि खाली तोंडाला साबण लावून डोळे मिटलेला मी. अशा ठिकाणी काटकसर सुचत नाही.

फास्टनर म्हणजे नळी चढवलेला लोखंडी बोल्ट. त्याची करामत तशी साधी. भोकात शिरताना तो अगदी गरीब असतो. नट आवळला की बोल्टचं शंकूसारखं टोक नळीत ओढलं जातं, नळी फुगते आणि भोकाच्या कडांना आतून रेटून बसते. भटाला दिली ओसरी! फक्त कडा तो रेटा सोसणाऱ्या हव्यात. काँक्रीट असेल तर प्रश्नच नाही.

आपल्या प्लास्टरमागे काय आहे, हे घरमालकाला मात्र ठाऊक नसतं. ते भुकटीवरून कळतं. लाल पडली तर वीट. करडी पडून मशीन किंचाळायला लागलं तर काँक्रीट, आणि ते जागीच अडलं तर सळई. आमच्याकडे आधी थोडी करडी पडली, मग पांढरी, आणि ड्रिल सरळ आत. ‘एएसी ब्लॉक,’ मुलगा म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तो सूर. एएसी म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेली सिमेंटची हलकी वीट, असला रेटा न सोसणारी. तरी त्याने फास्टनर घातला, नट आवळला. नट फिरला. फिरतच राहिला. त्याच्याबरोबर नळीही फिरायला लागली.

एव्हाना बाथरूममध्ये सल्लागार मंडळ भरलं होतं. शेजारच्या काकांनी भोकात आगपेटीच्या काड्या भरायला सांगितल्या, वरच्या काकूंनी पांढरं सिमेंट. बाबांचं म्हणणं, ‘लाकडी गिट्टी ठोका, आमच्या वेळी सगळं गिट्टीवरच होतं.’ (त्यांच्या वेळी पाणी बंबात तापायचं, आणि बंब जमिनीवर असायचा.) ब्रिटिश म्युझियमच्या भिंती खराब होऊ नयेत म्हणून रॉलिंग्स नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने १९११च्या सुमारास भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारा तागाच्या धाग्यांचा प्लग काढला म्हणतात. आमच्या मंडळींना भिंतीची एवढी कणव नव्हती. काका तर भोक मोठं करून बघा म्हणत होते.

शेवटी मुलाने निकाल दिला, ‘आरपार बोल्ट टाकू, पलीकडून पट्टी लावू.’

पलीकडे स्वयंपाकघर. ओट्याच्या वर, नव्या टाइल्समधून दोन बोल्ट बाहेर आले तेव्हा बायको काही बोलली नाही. ते जास्त वाईट होतं. आईने मात्र एका बोल्टला लगेच पुरणाची चाळण अडकवली.

‘अरे बाळा, चालेल ना रे?’

‘चाळण चालेल आजी, पाटा नका लटकवू.’

मग पैसे मोजून घेत तो मला म्हणाला, ‘साहेब, वॉरंटी गीझरची आहे. भिंतीची नाही.’