लेन्स विका, पण बोलीवर नको

फ्लेमिंगोंचा सीझन उतरला की नवी मुंबईतल्या ऐरोली-नेरूळच्या फोटोग्राफी ग्रुप्सवर पक्षी कमी आणि विकायला काढलेल्या लेन्स जास्त दिसू लागतात. सध्याचं फॅड म्हणजे लिलाव. ‘निकॉन २००-५०० एमएम झूम, मिंट कंडिशन, बोली ३० हजारांपासून, रविवारी रात्री दहापर्यंत.’ खाली कमेंटमध्ये आकडे चढत जातात, बघ्यांची करमणूक होते. आणि सगळे सल्ले घेणाऱ्याला: जपून रे बाबा, फसशील. मला उलटं वाटतं. वापरलेली लेन्स ऑनलाइन बोलीवर काढली की जास्त अडकतो तो विकणारा.

लिलावात आधी माल बघायचा असतो, मग बोली. ससून डॉकला पहाटे कोळंबीची बोली लागते तेव्हा घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टोपली असते. जर्मनीतल्या वेट्झलारला २०२२ साली लायकाच्या झीरो-सिरीजमधला, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या मालिकेतला, एक कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोला गेला, तोही जाणकारांच्या तपासणीनंतर. आपल्याकडे मोबाइलवरच्या चार फोटोंवर बोली लागते आणि खरी घासाघीस वस्तू पोचल्यावर सुरू होते. तोवर लेन्स घेणाऱ्याच्या घरात आणि विक्री वेबसाइटवरून असेल तर पैसे तिने अडवून ठेवलेले.

ठाण्यातल्या माझ्या एका मित्राची लेन्स अशीच ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत आली. मॉडेल तेच, आत मात्र फंगसचं, म्हणजे बुरशीचं जाळं. आपल्या दमट हवेत पावसाळाभर बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला फंगस धरतं, त्यामुळे घेणाऱ्याचं म्हणणं वेबसाइटला खरं वाटलं. मित्राने बिलावरचा सिरियल नंबर ताडून पाहिला, तर आलेली लेन्स त्याची नव्हतीच. कुणीतरी घरातली नासकी लेन्स पाठवून चांगली ठेवून घेतली होती. पण पाठवताना नंबर दिसेल असा व्हिडिओ काढलेला नव्हता, आणि अशा वादात वेबसाइटचा कल बहुतेक वेळा घेणाऱ्याकडे असतो. पैसे गेले, वर परतीचं कुरिअरही त्याच्याच माथी.

बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं, दुखणं निराळं. निकॉनच्या फोटोफाइलमधून शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं तो आकडा, कळतो, कॅननच्या बहुतेक मॉडेल्समध्ये सरळ कळत नाही. म्हणजे कॅननवाला प्रामाणिक असला तरी ‘काउंट लपवतोय’ हा शिक्का बसतोच. शटरचं दीड लाख क्लिकचं रेटिंग म्हणजे एक्स्पायरी डेट नव्हे, हे समजावत बसा!

आणि जिंकलेली बोली म्हणजे विक्री नव्हे. शेवटच्या मिनिटाला पाच हजार चढवणारा दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. दोन नंबरच्याला विचारावं, तर त्याला वाटतं भाव फुगवायला आपणच आपला माणूस बसवला होता. त्याचंही चूक नाही, तसं करणारे आहेत. लिलावाची वेबसाइट असलेलं ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झालं. त्यात निदान काही नियम तरी होते. कमेंटमधल्या आकड्याला कोण बांधील?

सैन्यात असल्याचं सांगून फसवणारा फौजीवाला प्रकार सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक फसतात. ‘सर, पोस्टिंग आली आहे, बघायला येता येत नाही, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकलात की पैसे तुमच्या खात्यातून जाणार. पेमेंटचा स्क्रीनशॉट हा पुरावाच नाही, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय वस्तू हलवायची नाही. फसलातच तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

कुणी म्हणेल, बोलीवर भाव जास्त मिळतो. दुर्मीळ जुन्या कॅमेऱ्याला मिळत असेल, जगभरचे संग्राहक असतात. पण २०१८ पासून निकॉन झेड आणि कॅनन आरएफ या आत आरसा नसलेल्या (मिररलेस) कॅमेऱ्यांच्या मालिका आल्यावर आरसावाल्या जुन्या डीएसएलआरच्या लेन्सला घेणारेच आटलेत. तीन जणांच्या बोलीतून कसला भाव निघणार? आणि सव्वादोन किलोची ती २००-५०० कुरिअरच्या टेम्पोत आपटली तर भरपाई किती मिळते ते पावतीमागच्या बारीक अक्षरांत वाचून बघा.

मी घेणाऱ्याला सीवूड्स स्टेशनजवळ बोलावतो. दिवसा, त्याची स्वतःची बॉडी घेऊन. टॉर्च मारून काचा बघ, ५०० एमएमवर झूम करून फोटो काढ, तुझ्याच कार्डात घेऊन जा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघ आणि मग फोन कर. सौदा ठरला की साध्या कागदावर सिरियल नंबर, तारीख, ‘आहे त्या स्थितीत’ आणि दोघांच्या सह्या. तेवढ्याने निम्मे लोक गळतात, गळू देत. कुणीच नाही मिळालं तर फोर्टातला बोरा बाजार आहे. तिथला दुकानदार भाव पाडून मागतो, चहासुद्धा विचारत नाही. पण लेन्स डोळ्याला लावून, रिंग फिरवून बघतो आणि तिथल्या तिथे पैसे देतो. आठवड्याने रात्री अकराला ‘सर, ऑटोफोकस जरा अडकतोय’ असा मेसेज तो करत नाही.