घाबरवलं की लोक ऐकतात, हे कुणी ठरवलं?

‘कॉम्प्युटरवरची वॉर्निंग लालभडक, धडकी भरवणारीच हवी. सौम्य लिहिलं की लोक दुर्लक्ष करतात. नाहीतरी वाचतं कोण?’ अशा अर्थाचा मजकूर सॉफ्टवेअरवाल्यांपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. नाशिकमध्ये हिशेबाची सॉफ्टवेअरं बसवून द्यायची आणि ती अडली की फोन घ्यायचे, हा माझा धंदा. वॉर्निंग आल्यावर माणूस काय करतो ते रोज कानावर पडतं, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘घाबरले की ऐकतात’ हे घेऊ. 2013 साली क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरवरच्या अडीच कोटींहून जास्त वॉर्निंगचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेबसाइटच्या सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्यात, गडबड असली की क्रोम तेव्हा लाल पान दाखवायचा. ते पाहूनही 70 टक्के वेळा लोक पुढे गेले. व्हायरसवाल्या साइटच्या वॉर्निंगला मात्र पाऊण हिश्शापेक्षा जास्त वेळा लोक थांबले. क्रोममध्ये लाल रंग दोन्हीकडे होता, मग फरक कशाचा? माझ्या मते सवयीचा. सर्टिफिकेटची वॉर्निंग बऱ्याचदा फुकाची असते. रविवार कारंजाजवळच्या एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात बसून बघा. डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखं साधन) चालवणारी काही सॉफ्टवेअरं सुरू करतानाच हे पान येतं, आणि बसवून देणारा माणूसच शिकवून जातो, “ताई, ॲडव्हान्स्ड दाबा, मग प्रोसीड.” रिटर्न भरायच्या तारखा आल्या की ताई दर महिन्याला तेच दाबतात. उद्या खरोखर धोक्याचं पान आलं तरी बोट तिथंच जाणार.

‘वाचतं कोण?’ हे अर्धंच खरं. समजेल असं लिहिलं तर लोक वाचतात. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा 2032 नंबरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, त्यामुळे एकामागून एक साइट अडायला लागते. पूर्वी असा पीसी लोक ‘व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारा’ म्हणत एमजी रोडला घेऊन जायचे. आता क्रोम सरळ सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे. मग दुकानदाराचा फोन येतो, “दादा, घड्याळ मागे पडलंय म्हणतो, आणि खरंच 2015 दाखवतंय.” बिघाडाचं निदान त्यानंच केलेलं असतं. माझ्याकडे फक्त सेल बदलण्याचं काम उरतं.

‘सौम्य म्हणजे मिळमिळीत’ हा तर निव्वळ गैरसमज. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला ‘फेटल एरर, डेटाबेस राइट फेल्ड’ दाखवलं तर वर्षभराचा हिशेब गेला म्हणून तो हाय खातो. त्याऐवजी लिहा: ‘हे बिल सेव्ह झालं नाही. आधीची बिलं सुरक्षित आहेत. इंटरनेट तपासून पुन्हा सेव्ह करा.’ एरर कोड खाली बारीक अक्षरात असू द्या, मला लागतो. बटणांवर ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ नको, ‘बिल काढून टाका’ आणि ‘राहू द्या’ हवं. आख्खं आर्थिक वर्ष पुसायला निघालेल्याला मात्र खुशाल अडवा, कंपनीचं नाव टाइप करायला लावा. तिथं कडकपणा हवाच.

नुसते शब्द बदलून सगळं साधतं असंही नाही. क्रोमने पुढे सर्टिफिकेटच्या वॉर्निंगचं ते पान सोपं केलं, परतीचं बटण ठळक केलं आणि पुढे जायची वाट आत दडवली. 2015 मध्ये त्यांनी जाहीर केलं की जवळपास 30 टक्के जास्त लोक थांबले, पण धोका नेमका काय हे लोकांना नीट समजलंच नव्हतं. म्हणजे श्रेय बटणाच्या मांडणीचं जास्त.

आता भीतीचं. ती सगळ्यात छान वापरतात ते भामटे. स्क्रीनभर लाल पान, सायरन, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा.’ खऱ्या वॉर्निंगही त्याच सुरात ओरडायला लागल्या तर पंचवटीतल्या आजोबांनी दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. असं पान दिसलं तर एस्केपचं बटण दाबून धरा, पान लहान झालं की ब्राउझर बंद करा. ते जमलं नाही तर सरळ कॉम्प्युटरच बंद करा. आणि पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा.