डॉग शो जिंकू इच्छिणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

डॉग शोमध्ये उतरण्याचा ज्यांनी निश्चय केला आहे, त्यांनी पिल्लू पाहायला जाण्याआधी दिवाणखान्यातील काचेचे कपाट मोजून घ्यावे. कुत्रा गॅलरीत, जिन्याखाली किंवा वॉशिंग मशीनच्या मागे कोठेही मावतो. चषकाचे तसे नसते, त्याला दर्शनी जागा लागते. कपाटाचे नक्की झाले की कुत्रा आपल्याला कशासाठी हवा आहे, याचा शांतपणे विचार करावा. राखणीला सोसायटीचा वॉचमन आहे आणि वर कॅमेरेही आहेत. सोबतीला मोबाइल आहे. मुलांना जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून कुत्रा आणला, तर त्याला फिरवण्याची जबाबदारी अखेर आजोबांवर येते, हा घरोघरचा अनुभव आहे. अशी सर्व कारणे एकेक करून बाद झाली म्हणजे जे शुद्ध कारण उरते, ते चारचौघांत सांगता येत नसल्यामुळे त्यास आपण 'श्वानप्रेम' म्हणू.

जात निवडताना हवामानाचा विचार मुळीच करू नये. आपल्याकडे शोचा हंगाम थंडीचा, हे खरे. परंतु पुण्यात फेब्रुवारीच्या दुपारी पारा तिशी सहज ओलांडतो, आणि शाळा-कॉलेजच्या मैदानावर घातलेल्या मांडवाखाली तो किती असतो हे मोजण्याची प्रथा नाही. सायबेरियन हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच, आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी धापा टाकण्याखेरीज त्याच्यापाशी फारसा उपाय नसतो. या क्षुल्लक शारीरिक बाबी आहेत. कोणी विचारलेच, तर 'आमच्या हस्कीला स्वतंत्र एसी आहे' असे सांगावे. एसी घरी आहे आणि हस्की भर दुपारी पार्किंगमधल्या सावलीच्या पट्ट्यात, हातभर जीभ बाहेर काढून, टेबलफॅनच्या जाळीला नाक लावून उभा आहे, ही विसंगती ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याच्या अंगावर ओला टॉवेल टाकण्याची दुर्बुद्धी मात्र कोणास होऊ देऊ नये. सकाळी ड्रायर मारून फुलवलेला केसांचा कोट त्याने बसतो आणि जजसमोर कुत्रा निम्मा दिसतो.

ज्यांना हस्की किरकोळ वाटतो, त्यांनी सेंट बर्नार्ड घ्यावा. या जातीचा सर्वांत नामांकित कुत्रा म्हणजे बॅरी. तो 1800 ते 1814 या काळात होऊन गेला, आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठात राहत असे आणि बर्फात अडकलेल्या चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचवल्याची त्याची ख्याती आहे. हे सर्व त्याने 40 ते 45 किलो वजनावर केले. आजचा सेंट बर्नार्ड 65 ते 85 किलो भरतो आणि सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातो, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. बॅरीचे पेंढा भरलेले शरीर स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. 1923 मध्ये त्याची डागडुजी करताना तज्ज्ञांच्या असे ध्यानात आले असावे की हा थोर कुत्रा आपल्या जातीसारखा दिसत नाही, कारण तेव्हा त्याच्या कवटीचा आकार बदलून ती तत्कालीन सेंट बर्नार्डच्या डोक्यासारखी करण्यात आली. मेल्यावर शंभर वर्षांनी ज्याला स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीसाठी ठरवून दिलेल्या आणि जज ज्यावरून गुण देतात त्या नमुन्यात, बसवून घेता येते, त्याच्या वंशजांनी जिवंतपणी कुरकुर करणे शोभत नाही.

आता चेहरा. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकल्यापासून आपल्याकडे चपटे तोंड हे घरंदाजपणाचे लक्षण ठरले आहे. पगाचे घोरणे हा त्याचा गोडवा समजावा. लांबलेली मऊ टाळू आणि चिमटलेल्या नाकपुड्या यांमुळे श्वास अडतो आणि तोच आवाज आपण घोरणे म्हणून ऐकतो, असे पशुवैद्य सांगतात. परंतु पशुवैद्यांना आजवर एकही रिबन मिळालेली नाही, हे त्यांच्या मताला किती वजन द्यायचे ते ठरवताना विसरू नये. या बाबतीत इंग्लंडने घालून दिलेला धडा पाहण्यासारखा आहे. बर्मिंगहॅमला भरणारा क्रफ्ट्स हा शो श्वानजगताची पंढरी. 1891 पासून तो चालत आला आहे. 2003 मध्ये तेथे डॅनी नावाचा पिकिनीज, म्हणजे पगासारखाच चपट्या तोंडाचा कुत्रा, 'बेस्ट इन शो' ठरला. पुढे 2008 मध्ये बीबीसीने वंशशुद्ध कुत्र्यांच्या प्रकृतीवर एक माहितीपट दाखवला, तेव्हा कळले की या सर्वोत्तम कुत्र्याच्या टाळूवर श्वासासाठी शस्त्रक्रिया झालेली होती आणि विजयाचे फोटो काढताना अंग तापू नये म्हणून त्याला बर्फाच्या पिशवीवर बसवले होते. आपणही शोला जाताना बर्फाची पिशवी न्यावी, मात्र ती फोटोत दिसणार नाही अशी बसवावी. त्याच माहितीपटात कवटी मेंदूला अपुरी पडल्यामुळे वेदना सोसणाऱ्या कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची हकीकत होती आणि आजाराचे निदान झालेला विजेता नर प्रजननासाठी वापरला जात असल्याचेही दाखवले होते. याचा परिणाम एवढाच झाला की बीबीसीने 2009 पासून क्रफ्ट्सचे प्रक्षेपण बंद केले. शो चालूच राहिला.

तरीही तिकडच्या केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या आणि क्रफ्ट्स भरवणाऱ्या संस्थेच्या, मनात काही शंका शिरली असावी, कारण 2012 मध्ये त्यांनी पंधरा 'जोखमीच्या' जातींमधल्या विजेत्यांची पशुवैद्याकडून तपासणी करण्याचा नियम केला आणि बुलडॉग, पिकिनीज, मॅस्टिफ, निआपोलिटन मॅस्टिफ, क्लंबर स्पॅनियल व बॅसेट हाउंड या सहा जातींचे विजेते तपासणीत नापास झाले. मालक भडकले, आणि का भडकू नयेत? दहावीचा निकाल लागल्यावर गुणपत्रिका काढून घेण्यासारखाच हा प्रकार झाला. आपल्याकडच्या आयोजकांनी असा अविचार करू नये, अशी या निमित्ताने नम्र विनंती. बुलडॉगच्या दहा बाळंतपणांपैकी आठांहून अधिक शस्त्रक्रियेने करावी लागतात, असे इंग्लंडमधील पाहणीत आढळले आहे; डोके मोठे आणि कंबर अरुंद, हेच तर सौंदर्य. निसर्गाला जे प्रसवता येत नाही ते आपण निर्माण केले, याचा अभिमान बाळगावा.

वंशावळीविषयी, म्हणजे लोक ज्याला 'पेपर' म्हणतात त्याविषयी, हयगय चालणार नाही. पिल्लाच्या दोन्ही बाजूंना तोच एक चॅम्पियन आजोबा असेल, तर विक्रेता त्याला 'लाइन ब्रीडिंग' म्हणेल. आपणही तेच म्हणावे. माणसांत सगोत्र विवाहावरून घरे फोडणारे लोकही या ठिकाणी भलतेच उदार होतात, हा शोचा एक सामाजिक लाभच आहे. इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2008 मध्ये केनेल क्लबच्या नोंदी तपासून सांगितले की ब्रिटनमधील सुमारे दहा हजार पगांतील जनुकीय विविधता जेमतेम पन्नास स्वतंत्र कुत्र्यांइतकी आहे. यात वाईट वाटण्यासारखे काय आहे, हे समजत नाही. एकाच घराण्याची शिस्त इतक्या काटेकोरपणे राजघराण्यांनाही पाळता आली नाही.

रक्त शुद्ध राखण्याची निष्ठा कशी असावी, हे डाल्मेशियनच्या अमेरिकेतील चाहत्यांकडून शिकावे. या जातीत एक जनुकीय दोष सर्वत्र पसरला, त्यामुळे लघवीत युरिक आम्लाचे प्रमाण वाढते आणि कित्येक नरांना मूतखडे होतात. 1973 मध्ये एका जनुकशास्त्रज्ञाने डाल्मेशियन आणि पॉइंटर यांचा एकदाच संकर केला आणि त्या संततीचा पुढे पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच संकर करत नेला. ठिपके तेच राहिले, दोष मात्र गेला. 1981 मध्ये अशा पाचव्या पिढीतील दोन कुत्र्यांची अमेरिकन केनेल क्लबने नोंदणी केली, तेव्हा डाल्मेशियन क्लबच्या सभासदांनी एवढा गहजब केला की पुढील नोंदणी थांबली ती 2011 पर्यंत. मधली तीस वर्षे कुत्र्यांनी खडे काढले, पण कुळाला बट्टा लागू दिला नाही. (नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, तेव्हा त्याचे पेपर त्यांनी आधी पाहून घेतल्याचा उल्लेख कोठे सापडत नाही. संतांना शो जिंकायचे नसतात.)

कानांविषयी थोडक्यात. डॉबरमनचे कान जन्मतः लोंबते असतात, ही निसर्गाची चूक आहे आणि ती कात्रीने दुरुस्त करून पुढे काही महिने चिकटपट्टीने उभी बांधून ठेवावी लागते. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम 1960 चा आहे आणि त्यात जनावराचा अवयव विच्छिन्न करणे गुन्हा आहे, असे कोणी ऐकवले, तर 'आम्ही घेतला तेव्हाच कान तसे होते' हे उत्तर पाठ असावे.

शोच्या दिवशी पहाटे उठावे. कुत्र्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले असल्यास तो रिंगमध्ये तरतरीत दिसतो, कारण त्याचे लक्ष हँडलरच्या, म्हणजे त्याला रिंगमध्ये फिरवून दाखवणाऱ्या माणसाच्या, खिशातील उकडलेल्या कलेजीवर खिळलेले असते. काही हँडलर कलेजीचा तुकडा स्वतःच्या तोंडात धरतात, म्हणजे कुत्रा त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक पाहतो आणि प्रेक्षकांना त्यात जिव्हाळा दिसतो. पट्टा बारीक दोरीचा असावा आणि तो मानेवर न राहता थेट जबड्याखाली, कानांच्या मागे आवळलेला असावा. दोरी वर ताणून धरली की डोके रुबाबात उभे राहते. खाली पुढचे पंजे किंचित सुटल्यासारखे दिसले, तरी फोटो कंबरेपासून वर घ्यावेत. मागचा पाय हाताने उचलून हवा तेथे ठेवावा, शेपूट दोन बोटांनी धरावे आणि 'स्टँड, स्टँड' असे पुटपुटत राहावे. जज येऊन ओठ उचलून दात पाहतील, पाठीवरून हात फिरवतील आणि नर असेल तर त्याचे दोन्ही वृषण जागेवर आहेत की नाहीत, हे चारशे माणसांसमोर हाताने तपासतील. कुत्रा गुरगुरला तर तो बाद होतो. खच्चीकरण केलेल्या कुत्र्याला या स्पर्धेत जागा नसते, आणि भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात यावी म्हणून सोसायटीच्या बैठकीत तावातावाने बोलणाऱ्या मालकाला यात काही विसंगत वाटत नाही.

जर्मन शेफर्डच्या रिंगभोवती पाहुण्यांनी सांभाळून उभे राहावे. कुत्रा आत हँडलरबरोबर धावत असताना मालक, मालकीण, मेहुणा आणि ड्रायव्हर बाहेरून शिट्ट्या फुंकत, चीं-चीं वाजणारी खेळणी दाबत, त्याचे नाव घेत धावतात. कुत्र्याला वाटते की घरचे लोक आपल्याला सोडून चालले आहेत, म्हणून तो मान ताणून पुढे ओढ घेतो आणि चाल उमदी दिसते. याला 'डबल हँडलिंग' म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ते नियमात बसत नाही, म्हणून ते मोठ्या आवाजात करतात. पाठ घसरगुंडीसारखी उतरती असेल तर ती 'अँग्युलेशन' समजावी. 2016 मध्ये क्रफ्ट्सला आपल्या जातीत पहिली आलेली शेफर्ड मादी ज्या तऱ्हेने चालली, ती टीव्हीवर पाहून हजारो अडाणी प्रेक्षकांना ती लंगडते आहे असे वाटले. त्यांना अँग्युलेशन ठाऊक नव्हते.

हरल्यास काय करावे, हेही माहीत असलेले बरे. पहिले कारण जज विकला गेला, दुसरे कारण जजला जात कळत नाही, आणि तिसरे कारण कुत्रा स्वतः. पहिली दोन क्लबच्या सचिवापाशी मांडावीत. तिसरे कुत्र्यापाशी मांडावे, पण गाडीत बसल्यावर, काचा वर करून. मैदानात दोरीला हिसका दिलेला कोणीतरी मोबाइलवर टिपतो आणि मग खुलासे करत बसावे लागते. जिंकल्यास 'आम्ही जिंकलो' म्हणावे, हरल्यास 'हा हरला' म्हणावे. मराठीत ही सोय आहे.

पुढचा प्रश्न उत्पन्नाचा. रिबन लागली की मेटिंगसाठी फोन येऊ लागतात. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार मादीला वर्षात एकाहून अधिक वेत नको, आयुष्यात पाचांहून अधिक नकोत, आठ वर्षांनंतर मुळीच नको, आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकू नये. हे नियम छापून फ्रेम करून केनेलच्या दारावर लावावेत, भिंत शोभते. मागच्या पायांच्या खुब्यात जन्मजात दोष आहे का ते दाखवणारे हिपचे एक्स-रे काढण्याच्या भानगडीत पडू नये, कारण एकदा काढला की तो कोणाला तरी दाखवावा लागतो.

कुत्रा सात वर्षांचा झाला, नाकपुडीभोवतीचे केस पांढरे झाले आणि उठताना मागचा पाय ओढू लागला, की त्याचे काम संपले. अशा वेळी त्याला एखाद्या फार्महाऊसवर 'मोकळ्या हवेत' पाठवण्याचा प्रघात आहे. फार्महाऊसवाला मित्र नसेल, तर कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवेदन टाकावे. 'चॅम्पियन ब्लडलाइन, अतिशय प्रेमळ, मुलांची सवय, जागेअभावी चांगल्या घरी मोफत देणे आहे' एवढा मजकूर पुरतो. वय लिहू नये. फोटो 'बेस्ट इन शो'च्या दिवशीचा टाकावा, म्हणजे चौकशी लवकर येते. न्यायला येणाऱ्यास मागच्या पायांविषयी सांगण्याचे काम हँडलरवर सोपवावे. हँडलरला त्या दिवशी दुसऱ्या गावी शो असतो.