सतरंज्या उचलणाऱ्यांच्या बाजूने

‘सतरंज्या उचलून कोणी नेता होत नाही’ ही पोस्ट गेले काही दिवस ठाण्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरते आहे. तिच्यात चार दावे आहेत. नेतृत्व उपजत असतं. स्वयंसेवी कामात चुकीची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तिथे कोणी काही शिकत नाही. कंपनीत त्याचा उपयोग शून्य. आणि संस्था पोरांना फुकट राबवतात. कॉलेजातल्या मुलांचे आईवडील माना डोलावत ती पुढे पाठवताहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘उपजत’चं बघू. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं. भावे तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते. त्यांच्यात उपजत काही होतं असं मानू या. पण ते 1926 मध्ये गेले आणि संग्रहालय आजही उभं आहे. पुढच्या पिढ्यांमध्ये ते सांभाळणारे तयार होत गेले, ते आधीच्यांच्या हाताखाली काम करूनच.

चुकीची किंमत नसते, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. एकोणीस वर्षांची असताना ऐरोलीच्या खाडीकाठी कांदळवनातल्या सफाईची जबाबदारी माझ्याकडे आली. अमावास्येनंतरची द्वितीया होती, म्हणजे उधाणाचे दिवस. सकाळी ओहोटीला तीस जणांनी चिखलात उतरून चाळीस गोणी प्लास्टिक काढलं. कचऱ्याची गाडी अकराला येणार होती. ती आलीच नाही. मी तोंडी बोलण्यावर विसंबले होते, आदल्या दिवशी साधा फोनही केला नव्हता. दीडच्या सुमारास पाणी चढलं आणि गोणी एकेक करून सुटत पुन्हा खाडीत गेल्या. चिखलाने माखलेली माणसं काठावर उभी राहून बघत होती. कोणी मला एका शब्दानेही बोललं नाही. पुढच्या रविवारी अकरा जण आले.

ही किंमत नाही तर काय? पगार नाही, बढती नाही, मेमो नाही. नाराज झालेला माणूस फक्त यायचा थांबतो. त्याला परत आणायला हुकूम चालत नाही. मी आठवडाभर एकेकाला फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. पुढे तिथल्याच एका कोळी काकांनी हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. तेव्हापासून तारीख ठरवताना मी आधी तिथी बघते, मग गाडी, मग माणसं.

कंपनीतल्या उपयोगाबद्दल फार लिहायला नको. ज्यांच्यावर आपला अधिकार चालत नाही अशा दुसऱ्या विभागातल्या माणसांकडून काम करून घेणं, हा नोकरीतला रोजचाच भाग आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. त्यातले काही जण नुसते तास भरतात, हे मीही पाहिलं आहे. पण शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाचा शिधा ज्याने मोजून आणला, त्याला विचारा.

चौथा दावा मात्र मी सरसकट खोडून काढणार नाही. वर्षानुवर्षं पोरांकडून खुर्च्याच लावून घेणाऱ्या संस्था आहेत. नेतृत्व खुर्च्या लावून येत नाही. ते इतिवृत्त लिहिताना, वर्गणीचा हिशोब सभेपुढे ठेवताना, विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करताना येतं. ही कामं पन्नाशीच्या पुढच्यांनीच धरून ठेवली असतील, तर ती पोस्ट त्या संस्थेपुरती खरी आहे.

म्हणून मुलांनो, पहिल्याच बैठकीत विचारा: हिशोबाची वही कोणाकडे असते, आणि ती आमच्या हातात कधी येईल? उत्तर टाळलं गेलं, तर दुसरी संस्था शोधा. ठाण्यात आणि खाडीपलीकडे पुष्कळ आहेत.