टॅब भरला म्हणून फोटो डिलीट करू नका

टॅबवर (टॅबलेटवर) जागा कशी करायची, यावरच्या एका लेखात सांगितलंय, बॅकअप झाला, म्हणजे फोटोंची प्रत इंटरनेटवर साठवली गेली, की गूगल फोटोजमध्ये जाऊन फोटो डिलीट करा. कृपया असं करू नका! त्या अ‍ॅपमधून डिलीट केलेला फोटो टॅबवरूनही जातो अन् क्लाउडवरूनही, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या साठ्यातूनही. जागा हवी असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या प्रोफाइल चित्रावर टॅप करून 'फ्री अप स्पेस' वापरा. त्यानं बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त टॅबवरची प्रत हटते, क्लाउडवरची राहते. आधीच डिलीट झालं असेल तर लगेच त्याच अ‍ॅपमधला ट्रॅश (कचरापेटी) बघा. बॅकअप झालेला फोटो तिथं 60 दिवस राहतो, न झालेला 30 दिवसच.

मात्र टॅबवरची प्रत हटवली की मूळ फोटो उघडायला नेट लागतं. वावरात रेंज नसते, म्हणून बोंडअळीचे, सातबाऱ्याचे फोटो त्याआधी एसडी कार्डावर कॉपी करा.

खेड्यात टॅब बहुधा मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच चालतो. टॅबला ते वायफायच वाटू शकतं, मग 'मोबाईल डेटावर बॅकअप नको' ही सेटिंग असूनही दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. हॉटस्पॉट जोडण्याआधी बॅकअपच बंद ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअपही बंदच बरा. गूगलचे फुकटचे 15 जीबी फोटोंसोबत जीमेल अन् ड्राइव्हलाही पुरवायचे असतात.