शीरखुर्म्याच्या डब्यात करंज्या

परवा जालन्यातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. पुतण्यानं शाळेतल्या ख्रिस्ती बाईंना नाताळच्या शुभेच्छा देणारं स्टेटस ठेवलं. माझ्या चुलतभावानं त्याला सुनावलं, 'हे हराम आहे, आधी काढ.' पोरानं काढलं. इथे जर्मनीत बसून ते वाचताना मला फार वाईट वाटलं.

भावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. फरक आहेच. हजरत ईसा आमचे पैगंबर, अल्लाहचे पुत्र नव्हेत. दुसऱ्यांच्या सणांची नक्कल करू नका, असं चौदाव्या शतकात दमास्कसचे धर्मपंडित इब्न तैमिया यांनी बजावलं होतं. आजही आधार त्यांचाच दिला जातो. पण कुराणात बीबी मरियमच्या, म्हणजे ईसांच्या आईच्या, नावाची अख्खी सूरह (अध्याय) आहे, 98 आयतींची. कळा असह्य झालेली मरियम खजुरीच्या बुंध्याशी येते, तेव्हा तिला धीर मिळतो: दुःख करू नकोस, खोड हलव, ताजा खजूर पडेल. मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमान हबशाच्या (आजच्या इथिओपियाकडच्या) ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे, आसऱ्याला गेले, तेव्हा त्याच्या दरबारात त्यांच्यातल्या जाफर यांनी हीच सूरह ऐकवली, असं सीरतमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रात, आहे. कैरोच्या अल-अजहर या इस्लामी विद्यापीठाचे इमाम अहमद अल-तय्यब इजिप्तच्या ख्रिस्त्यांच्या कॉप्टिक पोपना नाताळच्या शुभेच्छा द्यायला स्वतः जातात. लेबनॉनमध्ये तर मरियमला बाळाची खुशखबर मिळाली तो दिवस, 25 मार्च, ही 2010 सालापासून मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांची मिळून राष्ट्रीय सुट्टी आहे.

आमच्या घरी हा प्रश्न कुणी मौलानांना विचारलाच नव्हता. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्या काळापासून इथे ख्रिस्ती वस्ती आहे. शेजारच्या सिस्टर मिशन दवाखान्यात नर्स होत्या; माझा जन्म त्यांच्याच हातावर झाला. ईदला शीरखुर्म्याचा डबा त्यांच्याकडे जायचा. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून नाताळला तो करंज्या-चकल्या भरून यायचा. अब्बा आवडीनं खायचे. चर्चच्या प्रार्थनेला ते कधी गेले नाहीत, आणि सिस्टरनीही कधी बोलावलं नाही.

परदेशात हे इतकं सोपं नाही, हे मी भावाला कबूल करतो. डिसेंबरभर सगळं शहर नाताळमय असतं, आणि आपली पोरं त्यात विरघळून जातील ही भीती खरी आहे. गेल्या वर्षी लेकीला शाळेच्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचं होतं. बायको आणि मी दोन रात्री बोलत बसलो. शेवटी हो म्हणालो. मात्र ईसांना देवपुत्र म्हणणारं गाणं ती गाणार नाही, हे बाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी सहज मान्य केलं. घरी मी लेकीला सूरह मरियमचा अर्थ सांगितला. तिनं इतके प्रश्न याआधी कधीच विचारले नव्हते.

मी दवाखान्यात काम करतो. 24 तारखेची रात्रपाळी दरवर्षी मागून घेतो, म्हणजे ख्रिस्ती सहकारी घरी जेवायला पोचते. ईदला माझी पाळी ती करते. यात माझ्या ईमानला कुठे धक्का लागला, हे भावानं मला दाखवावं.

पुतण्याला फोन केला. स्टेटस परत ठेव असं म्हणालो नाही, काकाशी त्यानं भांडू नये. शाळा उघडली की बाईंना तोंडानं सांग, एवढंच म्हणालो. मागून अम्मीचा आवाज आला, 'सिस्टर का डब्बा आया, खाली कैसा भेजूँ? गाजर का हलवा करतूँ.'